चेरी फुलते तेव्हा आमच्या बदल्या होतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानमधल्या चेरीच्या बहराचा पानभर फोटो आला. फोटो झकासच आहे. पण त्याखालचा 'आनंदाचा ऋतू' हा मथळा आणि शेजारच्याच पानावरची 'परदेशात इंग्रजी शिकवा' ही जाहिरात जोडीने वाचली आणि लिहायला बसले. मी सैतामा प्रांतात, एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. माझा इथला हा सहावा वसंत. आनंद नसतो असं नाही, पण शाळेत काम करणाऱ्यांसाठी मार्च-एप्रिल म्हणजे आधी बदल्या आणि मग फुलं.

इथलं शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मार्चच्या मध्यावर शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ असतो. मुलांच्या गणवेषाच्या कोटाचं वरून दुसरं बटण हृदयाच्या सगळ्यात जवळ असतं म्हणे, म्हणून मुली ते आवडत्या मुलाकडून मागून घेतात. यंदा एका मुलाचं बटण कुणी मागितलंच नाही. फोटो काढून झाले, सगळे पांगले, तरी तो फाटकापाशी रेंगाळत होता. शेवटी त्यानेच ते पीळ देऊन तोडलं आणि खिशात टाकलं. वर्गात त्याने वर्षभरात माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलली असतील. त्या दिवशी लांबूनच ओरडला, "सी यू!"

मुलं गेली की आठवडाभरात शिक्षकांची पाळी. सरकारी शाळेतला शिक्षक एका शाळेचा नसतो. त्याची नेमणूक बहुतेक ठिकाणी प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून होते आणि काही वर्षांनी बदली ठरलेलीच. मार्चअखेर यादी लागते, स्थानिक वर्तमानपत्रात नावानिशी छापूनही येते. मग स्टाफरूममध्ये टेबलं सरकतात. आमच्याकडे इयत्तेप्रमाणे टेबलं जोडून बेटं केलेली असतात. उपमुख्याध्यापक नवा नकाशा घेऊन येतात आणि तासाभरात सगळं जग फिरतं. चार वर्षं माझ्यासमोर बसणारे गणिताचे सर यंदा गेले. ड्रॉवर रिकामा करताना त्यांना माझंच लाल पेन सापडलं. दोन वर्षांपूर्वी मी ते हरवल्याची तक्रार त्यांच्याकडेच केली होती. काही न बोलता त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

१ एप्रिलला त्या खुर्चीवर नवा माणूस येतो आणि सगळे एकमेकांना 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' म्हणतात. याला इंग्रजीत काय म्हणायचं, हे मुलं दर एप्रिलला विचारतात. 'नाइस टु मीट यू' सांगितलं तर अर्धा अर्थ सांडतो. मराठीत मात्र चपखल शब्द आहे, 'सांभाळून घ्या'. इंग्रजीच्या बाईंना उत्तर मराठीत सुचावं आणि मुलांना ते सांगता येऊ नये, ही माझी दरवर्षीची पंचाईत.

त्यात शिंका. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे लाकडासाठी डोंगरच्या डोंगर एकाच सूचिपर्णी झाडाने भरून टाकले. त्या झाडाचं जपानी नाव 'सुगी'! मराठी कानाला सुगी म्हणजे घरात आलेलं पीक. इथे पीक येतं ते परागकणांचं, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. या लागवडीचं क्षेत्र १० वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायचं, असं सरकारने २०२३मध्ये जाहीर केलं. तोवर अर्धा वर्ग मास्कमध्ये आणि मीही. 'थ'चा इंग्रजी उच्चार दाखवताना जीभ दातांच्या मध्ये ठेवून दाखवावी लागते. मग मास्क खाली, 'थिंक', शिंक, मास्क वर. मुलं शिंकेचाही उच्चार वहीत लिहून घेतील अशी मला धास्ती असते.

आता त्या जाहिरातीविषयी. तिच्यात पगार आहे, फुलांचं चित्र आहे, करार कसला आहे ते नाही. १९८७ पासून चालत आलेल्या 'जेट' या सरकारी योजनेतले शिक्षक साधारण उन्हाळ्यात रुजू होतात आणि करार वाढवत वाढवत पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. आमच्यासारखे बरेच जण मात्र मधल्या कंपनीमार्फत येतात. आमचा करार एप्रिल ते मार्च असतो. म्हणजे फुलं येतात नेमकी तेव्हाच आमची नोकरी टांगणीला. पहिल्या वर्षी माझी शाळा बदलल्याचं कंपनीने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. घर शाळेजवळ बघितलं होतं, ते राहिलं तिथेच.

करारातही दोन प्रकार. 'हाकेन' असेल तर शाळेतले शिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकतात. 'इताकु' म्हणजे कामाचा ठेका, त्यात शाळेने थेट सूचना द्यायची नसते, कंपनीमार्फत द्यायची. माझा पहिला करार इताकु होता. मी उतारा भरभर वाचत होते आणि वर्गातल्या सरांना मला 'सावकाश' एवढंही सांगायची सोय नव्हती. बिचारे वर्गाच्या मागे जाऊन कानाला हात लावून उभे राहिले. तास संपेपर्यंत मला वाटत होतं, यांचा कान दुखतोय.

आणि मराठी वाचकांच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट. शाळेत परदेशी भाषा शिकवण्यासाठी जो 'शिक्षक' व्हिसा लागतो, त्याला अट आहे की तुमचं किमान १२ वर्षांचं शिक्षण त्याच भाषेच्या माध्यमातून झालेलं हवं. इंग्रजी उत्तम आहे, पदवी आहे, एवढ्याने भागत नाही. मराठी माध्यमात दहावी केलेल्या दोघांनी गेल्या वर्षी मला निरोप पाठवून विचारलं, तेव्हा एका एजंटाला पैसे देऊन झाले होते. खासगी संभाषण वर्गांचा व्हिसा वेगळा, त्याचे नियम वेगळे. ते आधी वाचा, मग अर्ज करा.

पुढच्या वसंतात फोटो जरूर छापा. पण शेजारी ती जाहिरात असेल, तर करार कोणता आणि १२ वर्षांची अट काय, या दोन ओळी जाहिरातदाराकडून मागून घ्या.

कळावे,
एक शिक्षिका, सैतामा (जपान)