चवथीनंतरचं पत्र

डिचोली

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तू गेलीस तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून कागद घेतला. बाबांना फोन कर असं सांगायला हे पत्र नाही, आधीच सांगते.

जेवताना तू म्हणालीस, तुमच्या मालिकेतला तो नवरा आता सुधारायचाय, लोकांना आवडायला लागलाय म्हणून चॅनलने सांगितलंय. वहिनी हसली. मग तू ताटाकडे बघत म्हणालीस, "मालिकेतच सुधारतात. गुरुवारी टीआरपी पडला की परत बिघडवायचे." बाबा तेव्हा मागे तांब्या घेऊन उभे होते. तुला माहीत नव्हतं. की होतं?

मालिकांतलं मलाही थोडं कळतं. 'आई कुठे काय करते' मी 2019 च्या डिसेंबरपासून 2024 च्या नोव्हेंबरात संपेपर्यंत सोडली नाही. त्या अनिरुद्धाला किती शिव्या घातल्या असतील! संजनापायी घर मोडलं, अरुंधतीशी काडीमोड घेतला, आणि तिचं आशुतोषशी जुळलं तेव्हा याच्याच पोटात दुखायला लागलं. डोळे भरून यायचे, मागे संगीत वाजायचं, चार दिवसांत पुन्हा आपला तोच. बाबाही तसेच माफी मागायचे. संगीत तेवढं नव्हतं. संजनाची मात्र मला पुढे पुढे कीव यायला लागली. तिच्याही वाट्याला तोच नवरा आला ना.

पण सुधारलेला माणूस दिवसभर काय करतो, ते कुठल्या मालिकेत दाखवत नाहीत. बघण्यासारखं त्यात काही नसतंच म्हणा. मागच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीपासून बाबांनी घेतलेली नाही. सकाळी टाकी भरतात. संध्याकाळी सात वाजले की आत-बाहेर करत राहतात, मग डब्यातला गूळ खातात. महिन्याला दोन किलो गूळ लागतो आता. यंदा गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी केवणीच्या सालीचे दोर त्यांनीच काढले. तिला रानातल्या घागऱ्या, कांगलां बांधताना हात थरथरत होता. तू तो पाहिलास आणि तोंड फिरवलंस. घेतली नव्हती, बाय. हात आता असाच राहील असं डॉक्टर म्हणाले.

माणसाला थोडा वेळ द्यावा. चार बुकं शिकलं म्हणून आपल्याच माणसाचा निकाल लावू नये, आणि तोही जेवणाच्या पानावर... बघ, लागले भाषण द्यायला. राग मानू नकोस. तुझा राग खोटा नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक?

2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा तू दहावीत. अंगणात दोन ट्रक उभे आणि बँकेचे हप्ते चालू. पुढच्या पावसात टायरांवर वेल चढली, फुलंसुद्धा आली तिला, निळी. तू रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपायचीस, फॉर्मचे पैसे त्यात होते. एके सकाळी ते नव्हते. मी म्हटलं, घरखर्चाला मीच घेतले. तू काही बोलली नाहीस, पण संध्याकाळी दप्तराला छोटं कुलूप दिसलं. ते मी खोटं बोलले होते. त्याची माफी राहिली होती, ती आज मागते.

मालिका संपताना तुझं नाव इतकं भरभर वर जातं की मला वाचता येत नाही. हे मोबाइलवर थांबवून वाचतात. शेजारी नेऊन दाखवलं, पोस्टमनलाही.

मला भीती नाही असं समजू नकोस. रात्री जाग आली की त्यांच्या तोंडाशी वाकून वास घेते. इतके महिने झाले, अजून घेते. त्यांना हे माहीत नाही, तू सांगू नकोस. म्हणजे बोललीस तर. फोन करच असं मी म्हणत नाही.

आंबाड्याचं लोणचं पाठवलंय. बरणी मी गुंडाळली, पण खोक्यावरचा पत्ता यांनी लिहिलाय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, पिनकोडातला एक आकडा दोनदा गिरवलाय. मी म्हटलं, दुसरा कागद लावूया. नको म्हणाले, पोचेल.

तुझी आई