परराज्यात बिऱ्हाड हलवताना आधी मुलाची इयत्ता मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत बेंगळुरूची बोलणी सुरू होतात. नोकरीचे पत्र हातात असते, रुजू होण्याची तारीख ठरलेली असते आणि नवरा-बायको मोबाइलवर फ्लॅट बघू लागतात. भाडे किती, ऑफिस किती किलोमीटर, सोसायटीत काय काय आहे, एवढ्यावर भाग ठरतो. टोकन दिले जाते आणि मग जवळपास शाळा शोधली जाते. हा क्रमच चुकीचा आहे. घरात शाळकरी मूल असेल तर पहिला प्रश्न त्याच्या इयत्तेचा. तो चुकला तर पाच-सहा वर्षांनी कळते, आणि तेव्हा काहीही केले तरी गेलेली वर्षे भरून काढता येत नाहीत. म्हणून हे पत्र.

कर्नाटकात केसीईटीमधून, म्हणजे तिथल्या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, सरकारी कोट्यातल्या जागेला पात्र ठरायचे, तर सर्वसाधारण उमेदवारासाठी मुख्य अट अशी आहे: पहिली ते बारावी या काळात किमान ७ शैक्षणिक वर्षे कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांत शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी तिथूनच उत्तीर्ण असावी. बोटांवर मोजून पाहा. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. बरोबर ७ झाली. म्हणजे सहावीच्या वर्षाला तिथल्या शाळेत नाव लागले तर मूल आत आहे. सातवीत गेले तर ६ च वर्षे भरतात आणि मूल बाहेर.

आता इकडचे पाहू. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण असावी लागते. म्हणजे सातवी ते बारावीच्या दरम्यान तिकडे गेलेले आणि दहावीच्या आत परत न आलेले मूल कर्नाटकाचे होत नाही आणि वैद्यकीय प्रवेशापुरते महाराष्ट्राचेही राहत नाही. त्याच्यासाठी उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी कॉलेजांतल्या सर्वांना खुल्या जागा. शेवटच्या दोन्हींचे शुल्क सरकारी कॉलेजाच्या कित्येक पट असते. मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने हे दार बंद झाल्यासारखेच आहे.

‘आमचे मूल सीबीएसईत आहे, आम्हाला राज्याचा प्रश्न नाही,’ असे अनेक पालक खात्रीने सांगतात. ही समजूत घातक आहे. दोन्ही राज्ये शाळा कुठे आहे ते पाहतात, बोर्ड कोणते ते नव्हे. सीबीएसईने उलट आणखी एक अडचण वाढते. नववीत आणि अकरावीत नोंदणी झाली की दहावी-बारावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. पालकाच्या बदलीसारखे ठोस कारण, कागद आणि बोर्डाची परवानगी लागते. 

अभियांत्रिकीची गोष्ट थोडी सैल आहे. दहावी-बारावी बाहेर झाली तरी उमेदवाराकडे किंवा आई-वडिलांपैकी एकाकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असेल, तर एमएचटी-सीईटीच्या प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. म्हणून सामान बांधण्याआधी आई-वडील दोघांचे ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र’ काढून ठेवा. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज होतो, ठरावीक वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. इथले वीजबिल आणि रेशनकार्ड चालू आहे तोवर हे काम सोपे आहे. पत्ता बदलल्यावर तहसील कार्यालयाच्या खेपा सुरू होतात.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. अनुसूचित जाती-जमाती किंवा ओबीसी कुटुंबाला नव्या राज्यात त्या राज्याचे आरक्षण मिळत नाही. जात त्या राज्याच्या यादीत असली तरी नाही. केंद्राच्या प्रवेशांत आणि नोकऱ्यांत मात्र मूळ राज्याच्या दाखल्यावर लाभ चालू राहतो. दाखला, जात पडताळणी आणि केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र, तिन्ही इथूनच पूर्ण करून निघा. सीमाभागातल्या घरांनी आपापली खास कलमे जरूर वाचावीत: वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळा प्रकार आहे, तर दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड भाषकांसाठी कर्नाटकाच्या नियमांत तरतूद आहे.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. मूल पाचवीपर्यंत असेल तर सगळ्यांनी एकत्र जा आणि सहावी तिथेच सुरू करा. नववी ते बारावीत असेल आणि डॉक्टर व्हायचे बोलत असेल, तर एकाने जावे, दुसऱ्याने बारावीपर्यंत इथे थांबावे. दोन बिऱ्हाडे चालवणे जड जाते हे खरे, पण तो खर्च दोन-चार वर्षांचा असतो. सातवी-आठवीचे मूल असेल तर मुलाशी बोलून, दोन्ही बाजू कागदावर मांडून ठरवा.

अगदी लहान मुलाचा पेच निराळाच आहे. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षे पूर्ण होणारे मूल चालते. कर्नाटकाचा नियम १ जूनला ६ वर्षे पूर्ण असा आहे. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेले मूल इथे पहिलीला पात्र आणि तिथे वर्षभर मागे. शाळेशी पहिल्या फोनवर जन्मतारीख सांगा आणि त्या वर्षी काही सवलत आहे का ते विचारा. कन्नड भाषा शिकणे २०१५ च्या कायद्याने शाळांत सक्तीचे केले आहे, तेव्हा पाचवी-सहावीत जाणाऱ्या मुलाला आधीच्या सुट्टीतच अक्षरओळख करून द्यावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. परराज्यातल्या शाळा ती मागतात आणि त्यासाठी परत यायला लागले तर दोन दिवस मोडतात. यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतला मुलाचा कायम क्रमांकही दाखल्याबरोबर लिहून घ्या.

इयत्ता ठरली की शाळा, आणि शाळा ठरली की तिच्याभोवतीचा भाग. इथे पाण्याला पहिला मान द्यावा. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत बोअर आटल्या आणि प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले: ५ किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६०० रुपये, १२,००० लिटरला १,००० रुपये. जुन्या शहरात, म्हणजे मल्लेश्वरम, जयनगर, बसवनगुडी, राजाजीनगर अशा भागांत कावेरीचे नळ पूर्वीपासून आहेत. २००७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११० गावांचा पट्टा मात्र वर्षानुवर्षे बोअर आणि टँकरवर वाढला, आणि आयटी कंपन्यांजवळची बरीच नवी संकुले त्याच पट्ट्यात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोजचे ७७.५ कोटी लिटर, तेही या गावांसाठीच. पण जलवाहिनी रस्त्यापर्यंत आली म्हणजे सोसायटीने जोडणी घेतली असे होत नाही. दलालाचे ‘कावेरी वॉटर आहे’ हे वाक्य पुरेसे मानू नका. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन जलमंडळाचे शेवटचे बिल आणि एप्रिल महिन्यातला टँकरचा खर्च दाखवा म्हणावे.

हिशेब करून पाहा. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांना रोज ५४० लिटर लागतात. १०० घरांच्या इमारतीला ५४,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरचे साडेचार टँकर दररोज. हा खर्च देखभाल शुल्कातून तुमच्याकडूनच जातो, म्हणून भाड्याच्या आकड्यात तो मिळवल्याशिवाय दोन भागांची तुलना करू नका. शिवाय बोअरचे पाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगी मानली आहे. कठीणता तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, फ्लॅट पाहायला जाताना खिशात ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली एक धरा. टीडीएस मीटर कठीणता सांगत नाही, तो फक्त विरघळलेले एकूण क्षार मोजतो. जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि वॉशिंग मशीनच्या हीटरवर पांढरा थर चढतो आणि वस्तू वेळेआधी जातात. बाथरूमच्या नळांवर आणि टाइल्सवर पांढरे डाग दिसले तर पट्टीचीही गरज नाही.

घर पाहायला कधी जावे, यालाही अर्थ आहे. मेमध्ये शाळा बंद असतात, रस्ते मोकळे दिसतात आणि फसगत होते. मार्चचा पहिला-दुसरा आठवडा उत्तम: पाणी कमी झालेले असते आणि शाळांच्या बस धावत असतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला घर ते शाळा आणि घर ते ऑफिस, संध्याकाळी सहाला उलट, असा प्रवास स्वतः करा. नकाशावरचे किलोमीटर या शहरात निरुपयोगी आहेत, मिनिटे मोजा. मेट्रोच्या तीन मार्गिका चालू आहेत: जांभळी चल्लघट्टा ते व्हाइटफील्ड, हिरवी मादावर ते सिल्क इन्स्टिट्यूट, आणि ऑगस्ट २०२५ पासून पिवळी, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी असेल तर आता जयनगर-बनशंकरीकडे राहून मेट्रोने जाता येते. मुलांसाठी जुन्या शाळा, कावेरीचे पाणी आणि चालण्याजोगे रस्ते असा हा पर्याय आमच्या मते सर्वांत चांगला आहे. बेळ्ळंदूर, सर्जापूर रोडच्या बाजूला सध्या रस्त्याशिवाय पर्याय नाही, आणि ‘मेट्रो येतेय’ या भरवशावर जास्त भाडे देऊ नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर-सर्जापूर रोडकडच्या महागड्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर आणि बोटींतून बाहेर काढावे लागले होते. कारण साधे आहे. तळ्यांना जोडणारे जुने नाले, ज्यांना तिथे राजकालुवे म्हणतात, ते बुजवून वा अरुंद करून बांधकामे झाली आणि पाणी आपल्या वाटेने आले. फ्लॅट पाहताना तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर ओलीची रेघ आहे का पाहा, आणि बाहेरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. तो खरे सांगतो.

गावी म्हातारे आई-वडील असतील तर शहराची बाजूही मोजा. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगावचा महामार्ग तुमकूर रस्त्याने शहरात शिरतो, म्हणून यशवंतपूर, पीण्या, मल्लेश्वरमकडून निघणाऱ्याला गाव जवळ पडते. व्हाइटफील्डहून निघाले तर आधी अख्खे शहर ओलांडावे लागते.

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. खाता म्हणजे तिथली मालमत्तेची पालिकेतली नोंद; ए-खाता, बी-खाता, ई-खाता, भोगवटा प्रमाणपत्र हे प्रकरण समजायलाच सहा महिने लागतात, आणि बी-खात्याच्या मालमत्तेवर अनेक बँका कर्ज देत नाहीत. भाड्याने घेताना अनामत पाच-सहा महिन्यांची, कुठे कुठे दहा महिन्यांचीही मागतात. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीत आहे. ती नको असेल तर करारातच तसे लिहून घ्या, आणि ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवा.

गाडीचे काम पहिल्या महिन्यातच हातात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला नवा क्रमांक घ्यावा लागतो. निघण्याआधी थकीत ई-चलन भरा, कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र घ्या, मग मूळ आरटीओकडून नमुना २८ मधली एनओसी घ्या. तिथे नमुना २७ चा अर्ज आणि गाडीच्या किमती-वयाप्रमाणे आजीवन कर भरावा लागतो. नवा क्रमांक मिळाला की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो मागायचे बहुतेक जण विसरतात. कंपनीची कार्यालये ४ किंवा अधिक राज्यांत असतील तर बीएच क्रमांक, म्हणजे राज्य बदलले तरी न बदलणारा ‘भारत’ मालिकेतला क्रमांक, घेता येतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, आणि डिसेंबर २०२२ पासून जुन्या गाडीचाही क्रमांक बीएचमध्ये बदलता येतो. वारंवार बदली होणाऱ्यांनी तोच घ्यावा. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर इथेच जमा करून अनामत परत घ्या, शेगडी सोबत न्या. मतदार यादीतल्या स्थलांतरासाठी आता नमुना ८ आहे.

शेवटी एक मागणी. सरकारी कर्मचारी आणि सैन्यदलातल्यांच्या मुलांना दोन्ही राज्यांच्या प्रवेश नियमांत काही सवलती आहेत. खासगी नोकरीत बदली झालेल्याच्या मुलाला तशी सवलत नाही, आणि हा अन्याय दूर व्हायला हवा. त्याला वेळ लागेल. पण तोवर शिक्षण विभागाला एक गोष्ट लगेच करता येईल: पाचवीनंतर परराज्यात जाण्यासाठी दाखला मागणाऱ्या प्रत्येक पालकाला शाळेने दहावी-बारावीच्या अटीचा छापील कागद द्यावा आणि तो मिळाल्याची सही घ्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे