शेवटचा प्रवास म्युझियमपर्यंत

संपादक महोदय,

जुनी लढाऊ जहाजं भंगारात गेली की जीव तुटतो, म्हणून ब्रिटनच्या एलसीटी ७०७४ या रणगाडे वाहणाऱ्या बोटीबद्दल लिहितोय. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ ला दोस्तांच्या चढाईत फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर १० रणगाडे घेऊन गेलेली बोट, अशा ८०० हून जास्त होत्या त्या मोहिमेत आणि आता ही एकटीच उरलीय. युद्धानंतर तिचा चक्क नाइटक्लब झाला, मग बर्कनहेडच्या गोदीत बुडाली, २०१४ ला वर काढली तेव्हा पार गंजलेली. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये बार्जवर चढवून साउथसीच्या म्युझियमला नेली. जिथे रणगाडे उभे होते त्याच डेकवर आता लोक फिरतात. २०१४ लाच मुंबईत आपली जुनी युद्धनौका विक्रांत तोडायला घेतली होती, ते अजून सलतं हो.

– एक वाचक