रस्ते रुंद नकोत, साईडपट्टी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात धानाची कापणी आणि रस्त्यांचं डांबरीकरण बरोबरच सुरू होतं. सायकलवर लांब पल्ला गाठणाऱ्यांचा हंगामही हाच. मार्च उजाडला की विदर्भाच्या उन्हात सकाळी दहानंतर रस्त्यावर टिकाव लागत नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. मागणी एकच आहे. डांबराचा नवा थर टाकला की त्याच कामात दोन्ही बाजूंच्या साईडपट्ट्या, म्हणजे डांबराच्या कडेच्या कच्च्या पट्ट्या, मुरूम टाकून, रोलर फिरवून डांबराच्या पातळीला आणाव्यात. घाटातले आणि तलावांकाठचे रस्ते रुंद करा, अशी मागणी अधूनमधून होते. मी त्या मागणीच्या बाजूने नाही. आहे तोच रस्ता त्याच्या कडेपर्यंत वापरता आला तरी आमचं भागतं.

घाटातून सायकल चालवायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री येतो. आपल्या सातपुड्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा १,११८ मीटरवर. म्हणजे सातशे मीटरहून अधिक चढ. धामणगाव गढीपर्यंत पाय मोकळे करून घ्यायचे, मग मोथ्याकडे घाट चढायचा. हा झाला सोपा रस्ता. दुसरा घटांगवरून जातो. तो चढवतो, मग सेमाडोहला सिपना नदीच्या खोऱ्यात पार खाली उतरवतो आणि तिथून चिखलदऱ्यासाठी पुन्हा सगळा चढ चढायला लावतो. मिळवलेली उंची हातची गेल्यावर परत पेडल मारायला पायांपेक्षा मनाला जास्त जड जातं. तरी मला हाच रस्ता प्यारा आहे. दोन्ही बाजूंना साग, मधूनच एखादं कोरकू गाव, आणि चाकाच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही असे लांबच लांब पट्टे. पश्चिमेकडे बुलडाण्याचे राजूर आणि बोथा हे घाट आहेत, पठारावर लोणारचं सरोवर आहे. त्या भागात मी कमी फिरलो आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

मी राहतो तो पूर्वेचा भाग तलावांचा. घाट फारसे नाहीत, पण डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात पाणी अडवून ठेवलेलं आहे आणि रस्ता त्या पाण्याच्या कडेनं जातो. कोहमाऱ्याला महामार्ग सोडला की थोड्याच वेळात नवेगावबांध येतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असं सांगतात. कोहळी समाजाचं तलाव बांधण्याचं कसब पाहायचं असेल तर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सायकल हाकून पाहावी. डोंगरांच्या नेमक्या कोणत्या फटीत माती टाकली म्हणजे एवढं पाणी थांबेल, हे त्या लोकांना कसं उमगलं असेल, असं दर वेळी मनात येतं. पुढे अर्जुनी मोरगाव, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, गोठणगाव, प्रतापगडाजवळची तिबेटी वसाहत. उत्तरेला तिरोड्याकडे बोदलकसा आणि चोरखमारा हे नागझिऱ्याच्या अंगाचे तलाव. मधे मधे लहान मोठे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत. थंडीत या पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसली तर सायकलवरून न उतरता पुढे जाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सारस महाराष्ट्रात जवळपास फक्त आमच्याच टापूत उरला आहे.

आता कडेबद्दल. ग्रामीण रस्त्याचं डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद असतं. एकेरी रस्त्याचं मापच ते आहे. कायद्याने वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे एसटी किंवा धानाचा ट्रक मधोमध आला तर प्रत्येक बाजूला दोन फूटसुद्धा उरत नाहीत. दोन वाहनं समोरासमोर आली तर एकाला खाली उतरावंच लागतं. असा रस्ता आखतानाच साईडपट्टी रस्त्याचा भाग म्हणून धरलेली असते. पण काम होताना डांबराचा थर चढतो आणि मुरूम जिथल्या तिथे राहतो. पुढच्या डांबरीकरणात आणखी एक थर. सिमेंटच्या रस्त्याला तर सुरुवातीलाच वीतभर कड असते. वऱ्हाडात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि कडेचं डांबर तोडून नेते. आमच्याकडे चिखलणीच्या दिवसांत केजव्हील, म्हणजे चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं, लावलेले ट्रॅक्टर डांबरावरून जातात आणि कडेचे लचके तोडतात. मग डांबर आणि मुरूम यांच्यामध्ये चार-पाच बोटांची पायरी उभी राहते. चारचाकीत बसलेल्याला ती दिसत नाही. इंजिनिअर साहेब जीपमधून पाहणी करतात, त्यांनाही ती जाणवत नसावी.

सायकलवाल्याचं तिथे काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण हेच फार कमी लोकांना माहीत आहे. सायकल चालते ती सतत किंचित हँडल वळवत राहिल्यामुळे. अंग ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाक नेऊन आपण नकळत तोल सावरत असतो. ट्रक मागून आला म्हणून तुम्ही खाली उतरलात. ट्रक गेला, तुम्ही परत वर यायला हँडल वळवलं. पुढचं चाक पायरीला तिरकं घासलं आणि तिथेच अडकून राहिलं. आता चाक उजवीकडे जात नाही, पण अंग उजवीकडे झुकलेलं आहे. माणूस पडतो तो उजवीकडेच, म्हणजे डांबरावर, मागून येणाऱ्या पुढच्या वाहनासमोर. माझ्यासोबत असणारा एक तरुण असाच तलावाकाठच्या रस्त्यावर पडला. मागे वाहन नव्हतं म्हणून खांद्याच्या हाडावर निभावलं. रेसिंग सायकलचं टायर २५ किंवा २८ मिलिमीटरचं असतं, त्याला पायरी जास्त बाधते हे खरं. पण दीड इंची टायरच्या साध्या सायकलचंही असंच होतं.

आणि साध्या सायकलवर कोण असतं? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना शासन सायकल देतं. फार चांगली योजना आहे. मुली शाळेत टिकल्या त्यात या सायकलींचा वाटा मोठा आहे, हे मी गावात डोळ्यांनी पाहतो. सकाळी तलावाच्या पाळीवरून निळ्या गणवेशातल्या मुलींची रांग जाताना दिसते. एकदा त्यातल्या एका मुलीला मी विचारलं, ट्रक आला की काय करता? ती म्हणाली, "काका, आमी उतरूनच जातो. खाली गेलं का वर येता नाही येत." एका बाजूनं सायकल द्यायची आणि दुसऱ्या बाजूनं तिच्यासाठी रस्त्याची कड ठेवायची नाही, हे मला पटत नाही. दूधवाले, गवताचा भारा मागे बांधून जाणारे म्हातारे, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलाकडे निघालेली माणसं, सगळे याच कडेवरून जातात. मी हौसेनं सायकल चालवतो. त्यांच्यापाशी दुसरं वाहन नाही.

१९४३ साली देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद आपल्या नागपुरात भरली आणि देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना तिथे तयार झाली. ती आजही नागपूर योजना म्हणूनच ओळखली जाते. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं, असा तिचा एक आग्रह होता. पाच मैल म्हणजे सायकलवर अर्धा-पाऊण तास. ज्या शहरातून हा विचार निघाला, त्याच्या आसपासच्या खेड्यांत सायकलला रस्त्यावर जागा मागावी लागते.

उपाय महाग नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि साईडपट्ट्या भरणं, पावसाने पडलेल्या घळी बुजवणं ही कामं त्या देखभालीतच येतात. रस्त्याच्या तोंडाशी तसा फलकही लावलेला असतो. गावकऱ्यांनी त्याचा फोटो आणि कडेचा फोटो एकत्र काढून ग्रामसभेत ठेवावा. अमेरिकेत डांबर अंथरतानाच यंत्राला एक पट्टी जोडून कडेला सुमारे तीस अंशांचा उतार देण्याची पद्धत आहे. त्यामुळे मुरूम वाहून गेला तरी चाक त्या उतारावरून वर येतं. आपल्याकडे नवीन रस्त्यांना हे करायला काय हरकत आहे? घाटात उतारावर रम्बलर, म्हणजे वेग कमी करायला लावलेल्या आडव्या उंच पट्ट्या, टाकतात ते हवेतच, फक्त कडेला फूटभर जागा सोडली तर सायकलला पुरते. ओल्या रम्बलरवर ब्रेक दाबणं म्हणजे पडण्याचीच तयारी, आणि न दाबावं तर हातातलं हँडल सुटतं.

रुंदीकरणाला माझा विरोध का, तेही सांगून टाकतो. घाट रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे वाढलेला वेग पहिल्यांदा हरणाला, रानमांजराला आणि मग आम्हाला गाठतो. नागझिरा-नवेगावच्या रस्त्यांचंही तसंच. सायकलवाल्यांनीही आपली बाजू सांभाळावी. जंगलातून जायचं तर उन्हं वर आल्यावर निघावं आणि दिवस कलण्याआधी बाहेर पडावं. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत अस्वलं पहाटे झाडाखालीच असतात. बिस्किटाचा कागद खिशातच परत आणावा.

आपल्या भागात दम असलेले सायकलस्वार कमी नाहीत. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पूर्ण करायची ब्रेव्हे ही लांब पल्ल्याची सायकलफेरी आता लहान शहरांतली मुलंही करतात. बाहेरून सायकलवाले आले तर ते रात्र इथेच काढतील, इथेच जेवतील. मोथ्याची स्ट्रॉबेरी, मेळघाटचा खवा, नवेगावची तलावातली मासळी यांना दारात गिऱ्हाईक मिळेल. गाडीतून आलेला पर्यटक चिखलदरा पाहून संध्याकाळी परततो. सायकलवाला चार गावांत थांबत थांबत जातो, त्याला पाणी लागतं, चहा लागतो, पंक्चरवाला लागतो.

आपल्याला विनंती अशी की, येत्या दोन-तीन महिन्यांत आपल्या तालुका वार्ताहरांनी जिथे जिथे नवीन डांबर पडेल तिथे काम संपल्यावर पंधरा दिवसांनी एक साधी मोजपट्टी घेऊन जावं. डांबरापासून मुरूम किती खाली आहे ते मोजावं आणि रस्त्याच्या नावासकट तो आकडा छापावा. अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी तालुक्यांतले रस्ते मोजून द्यायला मी आणि माझे सायकलवाले सोबती तयार आहोत.

आपला,
एक सायकलस्वार वाचक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया