तिकिटं मी रद्द केली आहेत, आई

लिंकन, नेब्रास्का
20 मे 2025

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी नको ती बातमी सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र निवांत वाचाल. कॉलेज सॉफ्टबॉलची वर्ल्ड सिरीज बघायला तुम्ही इकडे येणार होतात, ती 26 तारखेची विमानाची तिकिटं मी काल रद्द केली. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. आई, तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस आणि फोन बाबांच्या हातात दिला असतास. तुझं ते "बरं" मला सहन झालं नसतं. म्हणून लिहिते आहे. रागवायचं असेल तर रागव, पण पूर्ण वाचून मग.

परवा रविवारी आपल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींनी बॅटन रूजची रीजनल, म्हणजे स्पर्धेची पहिली फेरी, जिंकली, तेव्हा मी स्कोअरच्या वहीच्या पानाचा फोटो तुला पाठवला. तुमच्याकडे झोपायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. सकाळी उठून चहासोबत बघशील, असं वाटलं होतं. दोन मिनिटांत निळ्या खुणा उमटल्या आणि लगेच तुझा मेसेज, "पाचव्या इनिंगचं नीट दिसत नाही, जवळून काढ." आई, मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला. पाडव्याच्या चौथ्या दिवशी तुला नागपूरला नेलं, दोन स्टेंट पडले, आणि तू रात्रीची जागून स्कोअर वाचते आहेस. वर बाबांनी हळूच सांगितलं की कुरडयांचा चीक घेऊन तू गच्चीवर चढली होतीस. अमरावतीच्या मे महिन्यात! त्यानंतर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकिटं रद्द केली.

डॉक्टर "जाऊ शकता, पण काळजी घ्या" म्हणाले, हे मला माहीत आहे. बाबा, तुम्ही ते वाक्य मला चारदा ऐकवलंत. पण त्या "पण"चं मी काय करू? बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, आता नागपूरपर्यंत गाडीसुद्धा नको, हेही खरं. मुंबईनंतर मात्र आणखी दोन विमानं आहेत, पुढे ओमाहाहून इथवर तासभर गाडी. दोन दिवस इथे टेकत नाही तोच वर्ल्ड सिरीजसाठी ओक्लाहोमा सिटीपर्यंत सात तासांचा रस्ता. तिथे पहिल्या दिवशी चार सामने असतात, सकाळपासून रात्रीपर्यंत. या दिवसांत तिकडे वादळं येतात, वीज दिसली की खेळ थांबवतात आणि लोक तासन्‌तास अडकून बसतात. इन्शुरन्सवाल्यांनी हृदयाच्या दुखण्याचं काही देणार नाही असं स्वच्छ सांगितलं. पैशांचं मनाला लावून घेऊ नका, बरेचसे परत मिळाले. व्हिसा दहा वर्षांचा आहे, तो कुठे जात नाही. मी हे सगळं चारचारदा मांडून पाहिलं, श्रीकांतशी बोलले, पुण्याला दादाशी बोलले. दादा म्हणाला, "आईला विचारलंस का?" नाही विचारलं. विचारलं असतं तर तू मला पटवलं असतंस, आई. माझी चूक असेल तर एवढीच आहे.

आपल्या पिचर जॉर्डी बालचं तुला मी सांगायला नको. पण आज तिचंच मनात येतं आहे. पॅपिलियनची पोरगी, इथून तासाभरावरची. ओक्लाहोमा विद्यापीठाकडून 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली, 2023 ला तर वर्ल्ड सिरीजची सर्वोत्तम खेळाडू ठरली. सगळं मिळालेलं असताना ते सोडून आपल्या राज्याच्या, नेब्रास्काच्या संघात आली. आणि 2024 च्या फेब्रुवारीत पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट तुटला. पहिल्याच! अख्खा हंगाम गेला. तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "घाई करू नये तिनं. गुडघा एकदा घाईनं वापरला की आयुष्यभर आठवण देतो." तुझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवूनच म्हणाली असशील. तिनं घाई केली नाही. वर्षभर थांबली, आणि या वर्षी बघ, पिचिंगला तीच, बॅटिंगलाही तीच. तिला दिलेला सल्ला तू स्वतःला दे. एक वर्ष, आई. एकच वर्ष.

बाबा, तुम्ही दरवेळी विचारता, "आता अजून किती सामने?" म्हणून पुन्हा लिहिते, कागद फ्रिजवर लावून ठेवा. देशभरातून 64 संघ निवडले जातात. चार-चार संघांच्या 16 रीजनल, तिथे दोनदा हरलं की घरी. उरलेले 16 संघ जोड्या लावून सुपर रीजनल खेळतात, तीनपैकी दोन जिंकायचे. त्यातून आठ संघ ओक्लाहोमा सिटीच्या डेव्हन पार्कला जातात, तीच वर्ल्ड सिरीज. ती 29 तारखेपासून. आपण आत्ता 16 मध्ये आहोत. आपल्याला पहिल्या 16 मध्ये मानांकन मिळालं नाही, म्हणून घरच्या बोलिन स्टेडियमवर रीजनल झाली नाही. 11 तारखेला नावं जाहीर झाली तेव्हा ईरा रडली होती. तिला म्हटलं, आजी काय म्हणते आठव, मैदान कुठलंही असो, चेंडू तेवढाच असतो. आणि झालंही तसंच. यजमान लुइझियाना स्टेटच बाहेर पडले, आणि शेवटी साउथईस्टर्न लुइझियानाला हरवून आपण पुढे आलो.

आता शुक्रवारपासून टेनेसीशी गाठ आहे, त्यांच्याच नॉक्सव्हिलला. त्यांची पिचर कार्लिन पिकन्स तुला ठाऊक आहे. मार्चमध्ये तिनं ताशी 78.2 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 126 किलोमीटरचा चेंडू टाकला, तो विक्रम ठरला. तोही 43 फुटांवरून. बॅटरला डोळ्याची पापणी लववायला वेळ मिळत नाही. पण मला आशा आहे. खरंच आहे. 2013 नंतर नेब्रास्का वर्ल्ड सिरीजला गेलेली नाही. रोंडा रेव्हेल बाई 1993 पासून इथे कोच आहेत, त्याआधी याच विद्यापीठाकडून पिचिंग करायच्या. डगआउटच्या कठड्याला टेकून उभ्या असतात ना, तेव्हा मला तूच दिसतेस, गळ्यात शिट्टी, डोक्याला पदर गुंडाळलेला.

तू रोज संध्याकाळी शाळेच्या पोरींना मैदानावर न्यायचीस, आणि मला घरी ठेवायला कोणी नसायचं म्हणून मीही सोबत. कडुनिंबाखाली किटबॅगवर बसवायचीस, ओंजळीत गूळ-शेंगदाणे द्यायचीस आणि मांडीवर ती लाल रेघांची लांब वही. "पिचर एक, कॅचर दोन, फर्स्ट बेस तीन..." पाढे यायच्या आधी मला हे आलं होतं. स्ट्राइक आउट झाला की मोठा के काढायचा, बॅटर नुसता बघत राहून आउट झाला तर तोच के उलटा. उलटा के मला नीट जमायचा नाही, तू माझा हात धरून काढून घ्यायचीस. तुझ्या हाताला चुन्याचा आणि कातड्याच्या ग्लोव्हचा वास यायचा. अंधार पडला की मी त्याच किटबॅगवर झोपून जायचे आणि जाग यायची ती थेट बाबांच्या सायकलवर. आजही बोलिन स्टेडियममध्ये वही उघडली की मी आधी पान नाकाशी नेते. ईरा विचारते, काय करतेस? काय सांगू तिला.

आता तुमच्या सोयीचं. एक तारखेपासून वंदनाताई दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला येतील, माझं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. आई, त्यांच्या भाजीत हिरवा सांबार कमी पडला तर बोलू नकोस, दोन दिवसांत शिकतील. कूलरच्या जाळ्या नवीन बसवायला माणूस गुरुवारी येईल, वाळ्याच्याच सांगितल्या आहेत. रक्त तपासायला घरीच येतात, बाबांनी फक्त फोन उचलायचा. पलंगाजवळ लावायला मोबाइलचा स्टँड पाठवला आहे, म्हणजे हात वर धरून वाचावं लागणार नाही.

आणि आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये, खोलीत नाही. बाबा, ही जबाबदारी तुमची. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तुमचे पहाटेचे साडेचार, त्या वेळी कोणीही उठायचं नाही. मी प्रत्येक इनिंग संपली की बोलून मेसेज टाकेन आणि शेवटी वहीची पानं, पण ते सगळं तुमच्या सकाळी सातनंतर ऐकायचं, आधी गोळ्या, मग चहा, मग मेसेज. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. कुरडया, पापड, लोणचं यंदा नाही. पन्ह्यात मीठ नाही. गच्चीच्या दाराची किल्ली बाबांकडे. बाबा, तुम्हीसुद्धा दुपारी बारानंतर राजकमल चौकात जायचं नाही. गिलावडा आठवड्यातून एकदा, तोही एकच. शकूआत्याच्या वेळेस काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मला ते पुन्हा नको आहे.

फार बोलले का? तुमच्यावर हुकूम गाजवते आहे, असं वाटू देऊ नका. इतक्या लांबून माझ्या हातात दुसरं काहीच नाही.

एक गोष्ट उरली, ती लिहायला सगळ्यात जड. नेब्रास्का पुढे गेली तर मी आणि ईरा ओक्लाहोमा सिटीला जाणार आहोत. तुमच्या दोन जागा ऑफिसातल्या एकीला दिल्या, तिच्या आईसाठी. तू इकडे पथ्याचं खात बसलेली आणि मी तिकडे स्टेडियममध्ये, हे मला टोचतं आहे. जाऊ नये असंही वाटलं. पण ईरा आता बारा वर्षांची आहे, कॅचरच्या जागी उभी राहते, आणि तुझ्या त्या वहीत तिला लिहायला शिकवायचं हेच वय आहे. तूच मला सहाव्या वर्षी शिकवलंस. तुझ्यासाठीच जाते आहे, असं खोटं सांगणार नाही. मलाही जायचं आहे, आई. फार जायचं आहे. पण तिथला एकेक चेंडू वहीत उतरवीन, म्हणजे तू इथे नव्हतीस असं व्हायचं नाही.

आणि 28 जूनचं माझं आणि ईराचं तिकीट काढलं आहे. आषाढीच्या आत घरी पोचतो. तीन आठवडे राहणार. तुझी जूनअखेरची तपासणी माझ्यासमोर होईल, डॉक्टरांना जे विचारायचं ते मी विचारेन. पुढच्या मे महिन्याचं मग बसून ठरवू, तुला विचारून. या वेळी शब्द देते.

ईराच्या परवाच्या मॅचचं पान सोबत जोडते आहे. तिसऱ्या इनिंगमध्ये तिनं मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलला, पहिल्या बेसवर टाकला असता तर ईरा सहज आउट होती, पण त्या शॉर्टस्टॉपनं दुसऱ्या बेसवर टाकला आणि धावणारी तिथे आधीच पोचली. दोघीही सेफ. मी फील्डर्स चॉइस लिहिलं, ईरा म्हणते हिट आहे, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. पेन्सिलीनंच लिहिलं आहे. तू बघून सांग, पण सकाळी सातनंतर.

तुमची
मनू