पोरांना खेळायला जागा द्या, बोलायला माणूस द्या

संपादक महोदय, नमस्कार.

माझा मुलगा नववीत आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. पार्किंगमध्ये बॉल आणला की वॉचमन ओरडतो, जवळच्या मैदानात कायम कसला ना कसला मंडप, मग पोरं जाणार कुठं, शाळा, क्लास आणि मोबाईल एवढंच उरतं. गेल्या वर्षी वर्गात त्याला सारखं चिडवायचे तर दोन महिने घरी काही बोललाच नाही, नुसतं पोट दुखतंय म्हणून दांडी मारायचा आणि आम्ही डॉक्टर बदलत बसलो. शेवटी लक्षात आलं ते पीटीच्या सरांच्या, आमच्या नाही, हे अजून टोचतं. मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांश वयाच्या १४ वर्षांच्या आत आणि निम्मे १८ च्या आत सुरू होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे ऐन शाळेत. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवाच असं सांगितलंय, मुलाच्या शाळेत अजून कोणी आलेलं नाही. महापालिकेने निदान संध्याकाळी तरी मैदानं मोकळी ठेवावीत ना! आणि पालकांनो, १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा फ्री नंबर आहे, २४ तास चालू, मराठीत पण बोलतात, फ्रिजवर लिहून ठेवा.

– एक आई, डोंबिवली