मुलं उसाच्या फडावर जातात, शिक्षकालाही तिथं पाठवा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली. आईवडील ऊसतोड करतात. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्यामागं मी पहिलीपासून सातवीपर्यंत दर हंगामाला गेले. आता माझं डी.एल.एड. झालं आहे, शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) पहिला पेपर पास आहे, शिक्षकभरतीची २०२५ ची अभियोग्यता चाचणीही दिली आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायची वेळ आली की मीही इतरांसारखी शाळांची यादी वाचत बसेन. पण मला जिथं शिकवायचं आहे ती जागा त्या यादीत नसते. ती जागा म्हणजे साखर कारखान्याच्या हद्दीतला कोप्यांचा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांचा, तळ.

साहेब, शाळेत शिक्षक किती द्यायचे हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतं. आमच्या गावात त्या दिवशी वर्ग भरलेला असतो. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात, ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि पोरं चढतात. दिवाळीनंतर उरलेल्या टोळ्याही जातात. पटावरचं मूल गेलेलं असतं आणि त्याच्या नावानं मिळालेला शिक्षक गावातच असतो. यात त्या शिक्षकाची काही चूक नाही, नेमणूकच शाळेच्या इमारतीला बांधलेली आहे. ती मुलांना बांधावी एवढ्यासाठी हे पत्र.

तिसरीत असताना मी गावच्या शाळेत हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आले आणि आम्ही निघालो. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आले तेव्हा वर्ग भागाकार करत होता. मधल्या पाच महिन्यांत मी धाकट्या भावाला झोळीत झोपवायला, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायला आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला शिकले होते. भागाकार येत नाही हे मी सहावीपर्यंत लपवलं. लपवणं सोपं असतं, शेवटच्या ओळीत बसलं की झालं.

एका हंगामात तळापासून जवळ शाळा होती. आम्ही चौघं जायचो. तिथं आम्हाला खिचडी मिळाली, हाकलून कुणी दिलं नाही, पण हजेरीपटावर आमची नावं नव्हती आणि तुम्हाला काय येतं हेही कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी टोळी कर्नाटकात गेली. तिथल्या शाळेच्या भिंतीवरचं एक अक्षरही आम्हाला लागत नव्हतं.

शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क दिला आहे, वयानुसार वर्गात बसवून राहिलेलं शिकवायची सोयही सांगितली आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. कागद चांगले आहेत. पण पहाटे तीन-चारला आईबाप फडावर गेल्यावर ते कार्ड हातात घेऊन मुलाला शाळेत नेणारं माणूस तळावर कोण असतं? दहा वर्षांची पोर कडेवर दहा महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली असते. ती शाळेत गेली तर बाळ कुणाकडं? आईनं एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात. म्हणून शाळेनंच तळावर यायला हवं, आणि बाळासकट त्या पोरीला वर्गात घ्यायला हवं. हा प्रश्न मी आतून पाहिला आहे, बाहेरून तो मुलांच्या अनास्थेसारखा दिसतो.

गावातल्या हंगामी वसतिगृहांनी पुष्कळ मुलं वाचवली, हे मनापासून सांगते. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत ती मुलं मागं राहतात, जेवतात, शिकतात. पण ज्यांच्या मागं कुणी नाही, जी फार लहान आहेत आणि ज्या मुलींना एकटं ठेवायला आईचा जीव धजत नाही, ती सगळी ट्रॉलीत चढतात. मी त्यांच्याबद्दल बोलते आहे.

मला शिक्षिका का व्हायचं आहे, असं मुलाखतीत विचारतात. माझं उत्तर चार पोस्टकार्डांएवढं आहे. चौथीत असताना गावच्या बाईंनी निघायच्या दिवशी मला पाटी, दोन गोष्टींची पुस्तकं आणि शाळेचा पत्ता घातलेली कोरी कार्डं दिली. म्हणाल्या, "जे वाचशील ते लिहून टाक." मी चार कार्डं टाकली. उत्तर येणं शक्य नव्हतं, कारण कोपीला पत्ता नसतो. एप्रिलमध्ये शाळेत गेले तर बाईंनी चारही कार्डं कपाटातून काढून माझ्या हातात ठेवली. प्रत्येकावर लाल शाईनं शुद्धलेखन सुधारलेलं होतं आणि खाली एकेक प्रश्न होता: "मग त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं?" असे. पाच महिने कुणीतरी माझी वाट पाहत होतं. त्या दिवशी मी ठरवलं. फक्त बाईंना जे गावात बसून करावं लागलं, ते मला तळावर बसून करायचं आहे.

कसं करीन, तेही सांगते. सकाळी नऊ ते बारा वर्ग, कारण तेव्हा टोळी फडात असते आणि पाणी भरून झालेलं असतं. झोळ्या वर्गातच बांधायच्या. वाचनाची सुरुवात मुलांच्या तोंडातल्या शब्दांनी करायची: कोपी, मोळी, पाचट, वाढं. हे शब्द लिहिलेले पाहिले की मुलाला कळतं, आपण बोलतो तेही पुस्तकात मावतं. मग पाठ्यपुस्तक फार परकं वाटत नाही. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मी लिहीन, त्यांची हातशिलाईची पुस्तकं करीन आणि तीच वाचायला देईन. गणिताला काटा पावती आहे, म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजा केलं की उसाचं वजन. हातच्याची वजाबाकी याहून चांगली कुठं शिकवता येईल मला ठाऊक नाही. पुढं टनाचा दर, खेपा, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, त्यातून फिटलेली रक्कम. मी पाचवीत पहिल्यांदा दादांना, म्हणजे वडिलांना, पावती वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर प्रत्येक पावती माझ्या हातात द्यायला लागले.

प्रत्येक मुलाची एक वही राहील. कुठला पाठ कुठवर आला, कुठं अडतो, काय आवडतं, हे त्यात मी आठवड्याला लिहीन. पट्टा पडला की ती वही मुलाबरोबर गावी जाईल आणि गावचे गुरुजी तिथून पुढं शिकवतील. तिसरीच्या मुलाला वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा असं निपुण अभियान म्हणतं. निम्मी तिसरी उसात घालवणाऱ्या मुलाला ते अशा वहीशिवाय कसं जमणार?

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. सहावीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण सातवीनंतर पुढच्या हंगामाच्या आत लग्न होऊन नवीन कोयता म्हणून गेली. तिच्या आईला दुष्ट म्हणू नका. वयात आलेली मुलगी दारं नसलेल्या कोपीत ठेवायची भीती त्या बाईला रात्रंदिवस असते. तळावर रोज एक शिक्षिका असली, तर दिवसा मुलगी कुणाच्या तरी नजरेखाली राहते, आईशी बोलणारं कुणी असतं, वसतिगृहाचा अर्ज भरून देणारं कुणी असतं, आणि वेळ आली तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन लावणारंही.

टोळ्या विखुरतात, एका गावची मुलं दहा कारखान्यांवर जातात, मग शिक्षक कुणामागं पाठवायचा, असं आपले अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून गावाप्रमाणं पाठवू नका, कारखान्याप्रमाणं पाठवा. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ मोठ्या तळावर हंगामभर एका जागी राहतात, तिथून सुरुवात करा. ट्रॅक्टरवर भरणाऱ्या टोळ्या गावोगाव हलतात, त्यांचं अवघड आहे, ते दुसऱ्या वर्षी पाहू. पण मुकादमाकडं प्रत्येक कोयत्याचा हिशेब असतो, तशी मुलांची यादीही गाळप सुरू होण्याआधी घेता येईल. यासाठी नवी पदं मागत नाही. पटावर जी पदं आज मोजली जातात त्यातलीच काही ऑक्टोबर ते एप्रिल तळावर आणि बाकीचे महिने गावात, अशी द्या. स्वेच्छेनं येणारे शिक्षक घ्या. आमच्यात डी.एड. झालेली ऊसतोड मजुरांची मुलंमुली बरीच आहेत.

यात नवीन काही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ पडली तर नांगराला हात लावायला ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत, असं म्हटलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं कुरणात होती तर शाळा कुरणात नेली. आमची मुलं उसात आहेत.

शिक्षणसेवकाच्या १६,००० रुपये मानधनात मी कोपीत राहायला तयार आहे. कोपी बांधता येते मला. फळा, एक कपाटभर पुस्तकं, मुलांच्या जेवणाचा शिधा तळावर पोचवायचा आदेश आणि जवळच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावं, एवढं शासनानं द्यावं.

यंदाच्या हंगामाला आमच्या गावातून गाड्या निघतील तेव्हा एका तळावर तरी हे करून पाहा. निवड कशीही करा, परीक्षा पुन्हा घ्या, मी देईन. एप्रिलमध्ये आपण स्वतः येऊन मुलांच्या वह्या तपासा.

आपली नम्र,
ऊसतोड मजुराची मुलगी, शिक्षकभरतीची उमेदवार
ता. शिरूर कासार, जि. बीड